डाव्या हाताची अक्षरं

बाबांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटची एकही खिडकी रस्त्याकडे उघडत नव्हती, त्यामुळे सगळा आवाज घरात यायचा. शनिवार पेठेतल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर पुढच्या दोन खोल्यांत मशीन, मागच्या दोन खोल्यांत आम्ही, मध्ये एक दार आणि त्या दाराला आईने लावलेला जाड पडदा. फोडणीचा वास पलीकडे जाऊन मुलांच्या चुका वाढू नयेत म्हणून हा पडदा आहे, असं बाबा म्हणत. उजाडताना पहिली बॅच यायची. ती नवशिक्यांची, त्यामुळे पत्र्यावर कोणी थांबून थांबून खडे टाकतंय असा आवाज. ऑफिसला जाणाऱ्यांची बॅच आली की तो आवाज सरळ व्हायचा, ओळीच्या शेवटच्या घंट्या एकामागून एक वाजायच्या, आणि आई त्या तालात कोशिंबिरीची काकडी चोचवायची. आमच्याकडे पाहुणे आले की ओरडून बोलत, आणि बॅच सुटली की एकदम गप्प झालेल्या घरातही तसेच ओरडत राहत. पुण्यातली बाकीची घरं इतकी शांत कशी असतात याचं मला लहानपणी खरोखर नवल वाटे, आणि थोडी त्यांची कीवही यायची.

बाबा शिकवताना कोणावर आवाज चढवत नसत. त्याची गरजच नव्हती. मान खाली घालून कळा शोधणाऱ्या एखाद्या मुलामागे जाऊन ते उभे राहत आणि विचारत, "आपण टाइप करताय की पोहे निवडताय?" मग खिशातला रुमाल काढून त्याच्या हातांवर पसरत. रुमालाखाली बोटं चाचपडायची, वर मुलाचे कान लाल. बाबांची एका गोष्टीवर अढळ श्रद्धा होती, आणि ती देवावर नव्हती. जगात कुठेही जा, म्हणायचे, डावी तर्जनी एफवर आणि उजवी जेवर. कोणाला विचारावं लागत नाही. ज्याला ही जागा आली तो दिल्लीत बसेल, दुबईत बसेल, काम करून उठेल. मला ही जागा शाळा संपायच्या आधीच आली होती. सुट्टीत माझ्या मैत्रिणी मामाकडे जात आणि मी दुपारच्या बंद वेळात रिकाम्या मशीनवर बसत असे. माझा वेग बाबांच्या खालोखाल होता. त्यावर बाबांचं म्हणणं एका शब्दाचं असायचं: "ठीक."

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी माझी मोपेड टिळक रस्त्यावर सांडलेल्या वाळूवरून घसरली. डोक्याला खरचटलंसुद्धा नाही, पाय शाबूत, फक्त डावं कोपर असं काही आपटलं की हाडाबरोबर आतल्या शिराही दुखावल्या. प्लास्टर निघालं तेव्हा हात दिसायला पहिल्यासारखाच होता. फक्त बोटं ऐकत नव्हती. मूठ अर्धवट वळायची, हात टेबलावर दाबून धरता यायचा, पण एकेक बोट वेगळं उचलणं म्हणजे दुसऱ्याच्या हाताला हुकूम सोडण्यासारखं होतं. व्यायाम शिकवणाऱ्या बाई फार चांगल्या होत्या. "येईल हं, येईल," म्हणायच्या, आणि काही महिन्यांनी त्यांनी ते म्हणणं बंद केलं, त्यावरून मी काय ते समजले.

त्या दिवसांतली मी काही शहाणी, सोशीक मुलगी नव्हते. आई माझी वेणी घालायला लागली म्हणून मी एके दिवशी जाऊन केस कापून आले. ताटात पोळीचे तुकडे करून वाढलेले दिसले की मी ताट सरकवून द्यायचे. आई ताट पुन्हा पुढे करायची, आणि संध्याकाळी तेल कोमट करून बोटं चोळायला बसायची, एकेक पेर, जणू तिला त्यात काहीतरी सापडणार होतं. मामी भेटायला आली तेव्हा माझ्यासमोरच म्हणाली, "आता हिचं कसं व्हायचं हो?" त्या 'कसं व्हायचं'मध्ये लग्न आलं, नोकरी आली, म्हातारपण आलं. मला एवढंच हवं होतं की माझं पोट माझ्या हाताने भरावं, आणि माझ्याकडे आता एकच हात होता. मी त्याच वर्षी प्रोग्रॅमिंगचा कोर्स पुरा केला होता. त्या कामात डोकं लागतं असं सगळे सांगतात, पण डोक्यातलं पडद्यावर यायला बोटंच लागतात हे कोणी सांगत नाही.

इन्स्टिट्यूटमध्ये एक कॉम्प्युटर होता. मुलं विचारतात म्हणून बाबांनी बुधवार पेठेतून जोडून आणला होता आणि प्लॅस्टिकचं आवरण घालून कोपऱ्यात ठेवून दिला होता. आलेल्या पालकांना तो दाखवायचे, लावायचे मात्र नाहीत. दुपारी इन्स्टिट्यूट बंद असताना मी त्याच्यावर बसायला लागले. कोर्सला आम्हाला प्रोग्रॅम लिहिण्यासाठी एक जुना एडिटर शिकवला होता. हा एडिटर म्हणजे मजकूर लिहायचं अगदी साधं साधन, पण त्याची एक तऱ्हा होती. त्याच्या दोन अवस्था असत. एका अवस्थेत तुम्ही कळ दाबाल ते अक्षर उमटायचं. दुसऱ्या अवस्थेत प्रत्येक अक्षर म्हणजे हुकूम: वर जा, ओळ पूस, शेवटचं केलेलं मागे घे. लिहिता लिहिता हुकमाच्या अवस्थेत जायचं तर एस्केपची कळ मारायची. नवीन माणूस याने हैराण होतो. पण त्याचा एक गुण असा की त्याला आपल्या कळा आपण शिकवू शकतो. कुठली कळ दाबली की काय उमटावं हे एका छोट्या फाइलीत लिहून ठेवलं की तो ते मुकाट्याने ऐकतो. माझं ऐकणारं घरात तेवढंच एक होतं.

मी असं केलं. डाव्या हाताची कड ऑल्टच्या कळेवर दाबून धरता यायची. मग ठरवलं की ऑल्ट दाबलेला असताना उजव्या हाताने डाव्या बाजूची अक्षरं मारायची, आरशात दिसतात तशी उलटी. जे मारला की जे, ऑल्ट धरून जे मारला की एफ. के तसाच डी. आय तसाच ई. यू तसाच आर. प्रत्येक उजव्या बोटाने आपल्या गेलेल्या भावाचं काम करायचं. एकेक ओळ करत मी अख्खी डावी बाजू उजवीकडे आणली, आणि ज्या दुपारी पहिलं सरळ वाक्य पडद्यावर उमटलं त्या दुपारी मी टेबलावर डोकं टेकून मनसोक्त रडले. अपघातानंतरचं माझं पहिलं रडणं ते.

बाबांनी पाहिलं तेव्हा ते बराच वेळ मागे उभे होते. मग म्हणाले, "ही अक्षरं तू हलवलीस?"

"हो."

"अक्षरं हलवायची नसतात."

"माझा हातच हलत नाही, बाबा. मग अक्षरं तरी हलू देत."

"उद्या दुसऱ्याच्या मशीनवर बसशील तेव्हा काय करशील?"

"ही फाइल बरोबर नेईन. फ्लॉपीवर मावते."

"जे फक्त आपल्या घरी चालतं त्याला टायपिंग म्हणत नाहीत," बाबा म्हणाले, आणि आवरण उचलून नीट घडी करून ठेवून आत निघून गेले. मी त्यांच्या पाठीकडे बघत बसले. इतका राग मला त्या वाळूचाही आला नव्हता. ज्या माणसाने शेकडो परक्या मुलांची मनगटं फूटपट्टीने हळूच वर उचलून सरळ केली होती, तो माझ्या हाताकडे बघतही नव्हता असं मला वाटे. आज मला कळतं की ते बघत होते आणि त्यांना ते बघवत नव्हतं. पण तेव्हा हे मला कोणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

प्रभात रस्त्यावरच्या एका बंगल्यात छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती. तिथे चाचणीला बोलावणं आलं. बाबा बरोबर आले. नको म्हटलं तरी आले, आणि बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले. आतलं दार उघडंच होतं. चाचणी घेणाऱ्या देवधर मॅडम बोलायला तुटक पण वागायला बऱ्या होत्या. मी कळांची फाइल घालू का विचारलं तर म्हणाल्या, "घाला की. इथे सगळेच आपापली घालतात." मी फाइल घातली, आणि पडद्याकडे पाहून एवढंच लक्षात आलं की तो काळा आहे. घरी मी खिडक्या, रंग, माउस असलेल्या पडद्यावर काम करत होते. इथे काळ्यावर पांढरी अक्षरं, दुसरं काही नाही. मी विचारलं, "खिडक्यांचा पडदा नाही का?" मॅडम म्हणाल्या, "तो कशाला? मशीन उगाच मंद होतं. एडिटर तोच आहे." एडिटर खरंच तोच होता. म्हणून मी निर्धास्त होते.

मला लिहायचा होता तो पहिलाच शब्द 'प्रिंट' होता. पी मारला, पी उमटला. मग आर. म्हणजे डाव्या हाताने ऑल्ट धरला आणि यू मारला. आर आला नाही आणि आधीचा पीसुद्धा गेला. मला वाटलं माझाच हात घसरला. पुन्हा पी, पुन्हा आर, पुन्हा ती ओळ कोरी. तिसऱ्यांदा मी न थांबता अख्खा शब्द मारला आणि त्या ओळीवर फक्त एन उरला. मग मी घाबरले. घाबरलेला माणूस वेगाने टाइप करतो. मॅडमनी दिलेला जो मजकूर आधीपासून तिथे होता तोही माझ्या हाताखाली हलायला लागला. ओळी कुठून कुठे जायला लागल्या, काही गेल्या त्या परत आल्याच नाहीत. मी लिहीत होते आणि लिहिलेलं पुसलं जात होतं, आणि पुसणारीही मीच होते. शेवटी ऑल्ट सोडून दिला आणि उजव्या हाताच्या बोटाने, मान खाली घालून, एकेक अक्षर शोधायला लागले. दार उघडं होतं. बाहेर बसलेल्या माणसाला आवाजावरून सगळं कळत होतं, कारण आयुष्यभर त्याने दुसरं काही ऐकलंच नव्हतं.

मॅडम आल्या, पडदा पाहिला. "अहो, आपलं नक्की काय चाललंय?"

डावा हात मी मांडीवर ओढणीखाली घेतला होता.

"राग मानू नका," त्या म्हणाल्या. "अजून सराव करा. मग या."

बसमध्ये बाबा खिडकीशी बसले आणि मी त्यांच्या शेजारी. डेक्कन आलं. मग बाहेर बघतच बाबा म्हणाले, "सांगितलं होतं."

दोनच शब्द. त्यांत काही खोटं नव्हतं म्हणून ते जास्त लागले. मी कॉम्प्युटरवर आवरण घातलं आणि त्या खोलीत जाणं सोडून दिलं. मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे आणि पलीकडून नवशिक्यांची मशीन ऐकायचे, दहा बोटांची, आळशी, चुकार, दहाच्या दहा बोटं असून न वापरणारी. प्रत्येकाचा मला मत्सर वाटायचा. आई मुगाची खिचडी करायची, मेतकूट-भात करायची, चिंचगुळाची आमटी करायची, आणि ते सगळं झाकून ठेवावं लागायचं. एका दुपारी पडद्यापलीकडे तिचा आवाज ऐकला. ती बाबांशी सहसा असं बोलत नसे.

"अहो, तुमचं बरोबर होतं ना? झालं तर मग. आता ते बरोबर घेऊन बसा. पोरगी जेवत नाहीये."

मग पडदा सरकला आणि बाबा आत आले. हातात चष्मा होता. "ऊठ," म्हणाले. "काय होतं नेमकं ते मला दाखव."

मला उठायचं नव्हतं, पण त्यांच्या त्या आवाजाला अख्खी शनिवार पेठ उठत असे. आमच्याही कॉम्प्युटरवर खिडक्या बाजूला सारून काळा पडदा आणता यायचा. तो आणला आणि दाखवलं. पी, मग आर, मग काहीच नाही. चार-पाच वेळा तेच तेच करताना माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी बाबांना समजावून सांगता सांगता स्वतःलाही समजावत गेले. रंगीत पडद्यावर मी ऑल्ट धरून यू मारला की एडिटरला सरळ निरोप जातो: ऑल्ट धरलेला आहे, यू मारला. काळ्या पडद्यावर मध्ये एक जुन्या वळणाचा निरोप्या आहे. त्याला धरलेलं पोचवता येत नाही. त्याला फक्त मारलेली अक्षरं एकामागून एक पोचवता येतात. म्हणून ऑल्टच्या ऐवजी तो आधी एस्केप देतो आणि मग यू. एस्केप आला की एडिटर लिहिणं सोडून हुकमाच्या अवस्थेत जातो, आणि तिथे यू म्हणजे 'शेवटचं केलेलं मागे घे'. मी दर वेळी आर लिहीत होते आणि तो आज्ञाधारकपणे सगळं मागे घेत होता.

बाबा ऐकत होते. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण कळा कळत होत्या. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "धरलेलं त्याला कळत नाही. मारलेलं कळतं."

"हो."

"मग धरतेस कशाला? मार की."

मी ऑल्टवरची हाताची कड उचलली.

"मराठी मशीनवर काही खुणांची कळ मारतो तेव्हा कॅरेज पुढे सरकते का? नाही. खूण बसते, मशीन थांबून राहतं, मग अक्षर मारलं की दोन्ही मिळून पुढे जातं. कळ धरून बसतो का आपण?"

त्या दुपारी मी सगळी फाइल पुसून पुन्हा लिहिली. ऑल्टच्या जागी टॅब घेतला, कारण तो डाव्या कडेला आहे आणि हाताची कड त्यावर सहज पडते. धरायचा नाही, एकदा मारायचा आणि सोडायचा. मग यू मारला की आर. खराच टॅब हवा असेल तर दोनदा मारायचा. रंगीत पडद्यावर लिहून पाहिलं, काळ्यावर लिहून पाहिलं, दोन्हीकडे तेच. टॅब हे काळ्या पडद्याच्या निरोप्यालाही कळणारं साधं अक्षर होतं. बाबांनी दोन्ही पडदे मला परत परत बदलायला लावले, विकत घ्यायचा आंबा फिरवून बघावा तसे. मग म्हणाले, "आता हे टायपिंग झालं." आणि लगेच, "पण तुला येत नाही."

मला खरंच येत नव्हतं. अर्ध्या अक्षरांना दोन ठोके आणि अर्ध्यांना एक, त्यामुळे सगळा ताल मोडायचा. बाबा म्हणाले धडे लागतील. असे धडे कुठल्या पुस्तकात नव्हते, तेव्हा ते स्वतः बसवणार. आणि त्यांचा एक नियम होता: आपल्या बोटांतून गेलेलं नाही ते शिकवायचं नाही. तेव्हा दुपारची झोप सोडून ते कॉम्प्युटरपुढे बसायला लागले, डाव्या हाताची मूठ वळून, फक्त तिची कड टॅबवर ठेवून, माझ्यासारखी. चाळीस वर्षं एफ डाव्या तर्जनीत राहत होता. तो उजवीत यायला तयार नव्हता. बाबांच्या तोंडून मी कधी वावगा शब्द ऐकला नव्हता. त्या दुपारी "शिंच्या!" ऐकला, आणि मग वारंवार ऐकला. त्यांना जिथे अडखळायला व्हायचं तिथे ते धडा करायचे. कुठली दोन अक्षरं लागोपाठ आली की टॅब विसरतो, कुठला शब्द सलग उजवीकडचाच असल्याने हाताला खोटा धीर देतो. मग मी बसायचे आणि ते माझ्या हातावर रुमाल टाकायचे. एकदा मी तो रुमाल चिडून फेकून दिला.

"उचल," बाबा म्हणाले.

"एका हाताने रुमाल उचलू का टाइप करू?"

त्यांनी खाली वाकून तो उचलला, झटकला आणि पुन्हा माझ्या हातावर पसरला. "टाइप कर."

आमची भांडणं थांबली नव्हती, पण आता ती कामावरून व्हायची आणि भांडून झाल्यावर मला भूक लागायची. आई चहा घेऊन यायची, दोन कप, दोन्ही उजव्या हाताला पडतील असे ठेवायची आणि जायची. एकदा मी वळून पाहिलं तर ती पडद्याशी थांबली होती आणि आमच्या दोघांच्या डाव्या मुठींकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. तिला काय दिसलं होतं ते मला त्या वेळी कळलं नाही.

मी देवधर मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, या. त्या दिवशी बाबांची नवी बॅच सुरू व्हायची होती, म्हणून मी एकटी गेले. तोच काळा पडदा. पी मारला, टॅब मारला, यू मारला, आणि पीशेजारी आर उमटून तिथेच राहिला. मी वेगवान नव्हते. शेजारच्या टेबलावरचा माणूस माझ्या दुप्पट वेगाने मारत असेल. पण लिहिलेलं एकही अक्षर गेलं नाही. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. त्या पडद्याकडे बघत नव्हत्या, हाताकडे बघत होत्या.

"मागच्या वेळी हे सांगितलं का नाहीत?"

"आपण विचारलं नाहीत."

त्या हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "एक तारखेपासून या," म्हणाल्या.

येताना पेढे घेतले. घरात मागच्या दाराने न जाता पुढून, इन्स्टिट्यूटच्या दारातूनच गेले, कारण मला बाबांना आधी सांगायचं होतं. आत नवी बॅच बसली होती, कोरी, घाबरलेली. नव्या बॅचसमोर पहिल्या दिवशी बाबा एक करत. मशीनवर कागद चढवून, मुलांच्या तोंडाकडे बघत, नियम सांगत बोलत राहायचे, आणि बोलता बोलता तेच नियम इंग्रजीतून टाइप करायचे. मग कागद ओढून कुठल्याही मुलाच्या हातात द्यायचे आणि वाचायला लावायचे. एक चूक सापडली तर फी परत, म्हणायचे. आजवर कोणाला सापडली नव्हती. मी दाराशी थांबले तेव्हा कागद नुकताच एका मुलीच्या हातात गेला होता.

तिने वाचायला सुरुवात केली आणि थांबली. "सर, हा पहिलाच शब्द काय आहे? वाय, एच, आय?"

'द' होता तो. टी, एच, ई. टीच्या जागी वाय आणि ईच्या जागी आय, आरशातले. पुढेही तसंच होतं. जिथे जिथे डाव्या हाताचं अक्षर हवं होतं तिथे तिथे त्यांच्या उजव्या हाताने ते काम मागून घेतलं होतं. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं, मग आणखी दोघं-तिघं. बाबांनी कागद परत घेतला, चष्मा सारखा केला आणि तो शेवटपर्यंत वाचला. मग दुसरा कागद चढवला आणि पुन्हा टाइप करायला लागले. सावकाश. मान खाली घालून. ते कळांकडे बघत होते.

बाबांचा वेग त्यानंतर कधीच पूर्वीसारखा झाला नाही. काही महिन्यांनी चुका थांबल्या, पण ते बेफिकीर मारणं गेलं ते गेलंच, आणि नव्या बॅचसमोरचा तो प्रकारही त्यांनी बंद केला. मला ते कधी बोलून दाखवलं नाही. मी पुढे बरीच वर्षं त्याच एडिटरमध्ये, त्याच टॅबने काम केलं, पडदे किती बदलले, ती फाइल बदलावी लागली नाही. नोकरी लागल्याचा आनंद मात्र मला आजतागायत पुरता झालेला नाही. तो दिवस आठवला की मला ती दाराची चौकट आठवते, हातातला पुडा आठवतो. ते तसं आहे एवढंच मी सांगू शकते.

त्या दिवशी दुसऱ्या कागदावरून बाबांनी मान वर केली तेव्हा त्यांना मी दिसले. मी कधीपासून उभी आहे हे त्यांनी विचारलं नाही.

"झालं?"

"झालं. एक तारखेपासून."

"पेढे आहेत का ते?"

"हो."

"मग वाट की. उभी काय राहिलीस?" ते उठले आणि वर्गाकडे वळले. मघाशी हसलेली मुलं अजून ओठ दाबून बसली होती. "ही माझी मुलगी," बाबा त्यांना म्हणाले. "हिला आज टायपिंगवर नोकरी लागली."

नोकरी प्रोग्रॅमिंगची होती. पेढे वाटायचे तर एका हाताने पुडा धरावा लागतो आणि दुसऱ्याने पेढा द्यावा लागतो. बाबा टेबलामागून आले, त्यांनी पुडा दोन्ही हातांत धरला, आणि बाकाबाकावर जाऊन पेढे मी वाटले.